माझ्या वजनाची हवा

खर्डी स्टेशनाबाहेर टेम्पोतून दोन सायकली उतरवल्या, तेव्हा रिक्षास्टँडवरची मंडळी हातातला चहा घेऊन आमच्याभोवती जमली. जानेवारीची सकाळ होती. कापून मोकळ्या झालेल्या भातखाचरांवर धुकं पसरलं होतं आणि त्याच्यावर माहुलीचे सुळके नुसतेच तरंगत होते, खाली डोंगर असल्याचा पत्ता नव्हता. इतकी वर्षं मी या भागात येते, पण हे दिसलं की माझं बोलणं थांबतं. माझं बोलणं थांबणं ही आमच्या घरात बातमी असते. अरुण, म्हणजे माझा नवरा, लगेच म्हणाला, "झालं. आता दहा मिनिटं शांतता."

शांतता काही मिळाली नाही. एका रिक्षावाल्यानं सायकलीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कॅरेज नाय, मडगार्ड नाय, घंटी नाय, स्टँड पन नाय. दुकानदारानं अर्धीच दिली काय तुमाला?"

दुसऱ्यानं सीटवर हात दाबला. मागचा भाग खाली गेला आणि परत वर आला. "मधून मोडलेली हाय रे ही," तो म्हणाला.

अरुण गंभीरपणे समजावून सांगायला लागला, की ती मोडलेली नाही, तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप आहेत, मोटारसायकलला असतात तसे. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट आहे ही. अशा सायकली तेव्हा आपल्याकडे सहज दिसत नसत. जहाजावर नोकरी करणाऱ्या आमच्या एका भाच्यानं या दोन बाहेरून आणल्या होत्या. त्यातली एक तो आम्हाला द्यायला तयार होता. "दोन्ही घेऊन जा मामी, चालवून बघा आणि सांगा कुठली हवी ती," असं त्यानं मला सांगितलं होतं. मला, अरुणला नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

सायकल माझ्यासाठी हवी होती, तीही हौसेखातर नव्हे. दीड वर्षापूर्वी माझ्या कमरेतली चकती सरकली होती. त्याआधी शहापूर आणि मुरबाडच्या रानवाटांवर मी साध्या सायकलवर कुठे कुठे फिरले होते, आणि आठवडाभर बँकेच्या काउंटरवर बसायचं बळ मला त्या वाटांनीच दिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की डांबरी रस्त्यावर हळू चालवायला हरकत नाही, पण दगडाधोंड्यांच्या वाटा बंद. खूप घासाघीस केल्यावर ते एवढंच म्हणाले की धक्के कमरेपर्यंत पोचणारच नाहीत अशी काही सोय असेल तर एकदा बघा. तेव्हा ही दोन दिवसांची परीक्षा होती. या सायकलींवरही कंबर धरली, तर डोंगरातलं सायकल चालवणं कायमचं सोडायचं, असं मी अरुणला वचन दिलं होतं. दिलं आणि लगेच पस्तावले, पण दिलं.

दोन्ही सायकलींना मागे शॉकअप, पण प्रकार वेगळे. एकीला जाडजूड लोखंडी स्प्रिंग. दुसरीला स्प्रिंगच नाही, त्या जागी एक बंद नळी आणि तिच्यात भरलेली हवा. स्प्रिंगवाली दणकट आणि जड, हवेवाली हलकी. पहिला दिवस मी स्प्रिंगवर, दुसरा दिवस हवेवर, असं ठरलं.

खर्डीची घरं संपली आणि आम्ही खाचरांच्या बांधावर चढलो. बांधाची वाट हातभर रुंद, मधेच तुटलेली, बाजूला भाताचे सड (कापल्यावर उरलेले बुडखे) टोचायला टपलेले. सड जिथे नांगरून टाकले होते तिथे वाल उगवून आला होता आणि दंवानं चमकत होता. पहिला तुटका बांध आला तेव्हा सवयीनं मी श्वास धरला, कंबर आवळली. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं आणि पुढे निघून गेलं. मला काहीच झालं नाही. मी थांबून मागे वळून बघितलं, खड्डा खरंच होता की नाही ते. होता, चांगला वीतभर खोल.

त्यानंतरची गाडीवाट, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेली, मी वेड्यासारखी हसत पार केली. सागाच्या रानात तळहाताहून मोठी वाळकी पानं वाटेवर अंथरली होती आणि चाकाखाली त्यांचा पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. पानांखाली काय दडलंय ते दिसत नाही. साध्या सायकलवर अशा ठिकाणी मी उतरून चालायची. आता मुळं आणि दगड खालच्या खाली जात होते आणि मी वर बसून रान बघत होते. वर बघत सायकल चालवता येते हे मला त्या दिवशी कळलं. आधीच्या इतक्या वर्षांत मी या रानाची फक्त जमीन पाहिली होती.

भातसा धरणाचं पाणी दिसलं तेव्हा दुपार झाली होती. डोंगरांच्या बोटांमधून पाणी आत आत शिरलं होतं, हिरवं आणि अगदी स्थिर. त्याच्या कडेकडेनं एक कोरडा ओढा उतरतो. गोट्यांनी भरलेल्या त्या ओढ्यातून मी सायकल खाली आणली आणि अरुण वरून नुसता बघत राहिला. पण ओढ्याच्या पलीकडचा चढ आला आणि स्प्रिंगवालीनं आपलं खरं वजन दाखवलं. चालवता येईना, ढकलता येईना, उचलायला गेले तर कमरेनं बारीकशी आठवण करून दिली. म्हशीला शेपटीनं वर ओढावं तसं ते काम होतं. शेवटी दोघांनी मिळून ती चढवली.

"ही उताराची राणी आहे, पण इथे उतार तेवढेच चढ," अरुण म्हणाला. तो हवेवालीवर खूष होता. दिवसभर त्यानं तिची तारीफ चालवली होती, चढाला हलकी, उताराला मऊ, गादीच जणू. मुक्काम डोळखांबजवळ त्याच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे होता. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाताना मी मनातल्या मनात निर्णय करून टाकला होता. मास्तरांनी विचारलं, "मग, कुठली पसंत?" मी म्हटलं, "उद्या सांगते, पण बहुतेक हवेवाली."

सकाळी मी हवेवालीवर बसले. डाव्या हाताला आजोबाचा डोंगर उभा होता, एवढा मोठा की नजरेत एकदम मावत नाही, तुकड्या-तुकड्यांनी बघावा लागतो. पायथ्याची रानं अजून काळोखी आणि माथ्यावर ऊन. त्या डोंगराकडे बघताना पहिला दगड चाकाखाली आला आणि थेट माझ्या माकडहाडाला लागला.

मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. दुसरा दगड आला, तोही लागला. तिसऱ्याला मी पॅडलवर उभी राहिले. अरुण मागून ओरडून विचारत होता, "मऊ आहे ना?" मी "हो" म्हणाले. नाही म्हटलं असतं तर तो तिथेच थांबला असता, चौकशी केली असती आणि मला कबूल करावं लागलं असतं की गादीसारखी सायकलही माझ्या कमरेला आता सोसत नाही. ज्या सायकलवर तो काल मजेत होता तिच्यावर मला दुखत असेल, तर दोष सायकलीचा कसा असणार? तेव्हा मी तशीच पुढे गेले. दगडांची वाट सुरू झाली, टोकावड्याच्या बाजूला, म्हणजे एसटीच्या रस्त्याकडे उतरणारी, आणि त्या वाटेवर एका पायरीसारख्या खडकावरून चाक खाली आदळलं. कमरेत जी चमक निघाली ती मानेपर्यंत गेली. मी उतरले नाही, सायकलवरून अक्षरशः ओघळले.

वाटेखालीच एक पाडा (डोंगरातली लहान वस्ती) होता, सात-आठ घरं. पहिल्याच घराच्या अंगणात एक गृहस्थ पेंढा रचत होते. काळूराम त्यांचं नाव. त्यांनी आणि अरुणनं मला दोन्हीकडून धरून आणलं आणि त्यांच्या खळ्यावर (भात झोडायची सारवलेली जागा) पेंढा पसरून पालथं निजवलं. शेण-मातीचा वास, गालाला टोचणारा पेंढा. मी डोळे मिटून घेतले. दुखण्यानं रडू येत होतं असं अरुणला वाटलं असेल. खरं तर मला वचन आठवत होतं. ही वाट, तो डोंगर, सगळं शेवटचं बघून झालं, एवढंच डोक्यात होतं आणि त्याचं रडू येत होतं.

काळूरामदादांनी विचारलं, "काय झाला? पडली काय बाई?"

"पडली नाही. कंबर धरली," अरुणनं सांगितलं.

"म्हंजे उसन भरली. मग हलवू नका. आमची बुधी पायाळू हाय. तिला बोलावतो."

पायाळू म्हणजे जन्माच्या वेळी आधी पाय बाहेर आलेलं माणूस. अशा माणसानं पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं लहानपणी आजोळी ऐकलं होतं. मी मान न उचलता म्हटलं, "नको हो, राहू दे." पण तोवर हाक गेली होती.

बुधी त्यांची बहीण, माझ्याच वयाची. हांड्यातल्या पाण्यानं पाय धुऊन ती आली. मला तिचे फक्त ओले पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या, बोटांत जोडवी. "घाबरू नको गो ताई," ती म्हणाली, "लाथ नाय घालीत. पाय लावते फक्त. पन माझी एक अट हाय. मागून मना तुझ्या पाया पडू द्यायचा. पाव्हन्या बाईला पाय लावला तर पाप लागतं मना."

"आधी पाय लावणार, मग पाया पडणार?"

"मग काय तर. आधी तुझी उसन, मग माझा पाप. दोन्ही आजच उतरवू."

मला हसू फुटलं. पालथं पडून, कंबर धरलेली असताना हसणं म्हणजे शिक्षाच, पण ते थांबेना. त्या हसण्यातच तिचा गार डावा पाय माझ्या कमरेवर टेकला. हळूच दाबला, उचलला. परत टेकला. तिसऱ्यांदा टेकला तेव्हा तिनं आपला भार थोडा सोडला आणि आत कुठेतरी आवळलेलं काहीतरी सैल झालं. मग ती खरंच वाकून माझ्या पाया पडली आणि बाजूला येऊन बसली. उसण तिच्या पायानं उतरली, हसण्यानं उतरली, की तासभर पालथं पडून राहिल्यानं, मला सांगता येणार नाही. कोरा चहा आला तेव्हा मी कुशीवर वळून तो प्यायले, एवढं खरं.

अरुणनं मात्र आपला चहा तसाच खाली ठेवला होता. तो सायकलीशेजारी उकिडवा बसून मागच्या शॉकअपकडे बघत होता. तिथल्या दांड्यावर रबराची एक बारीक रिंग असते. माणूस बसून शॉकअप जितका दबेल तितकी ती रिंग सरकते आणि उतरल्यावर तिथेच राहते, म्हणजे किती दबला ते कळतं.

"ही जवळजवळ सरकलेलीच नाही," तो म्हणाला. "एवढ्या दगडांवरून आलीस आणि ही इथेच?"

मग त्याचा चेहरा उतरला. भाच्यानं सांगितलं होतं की हवा बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची. अरुणनं निघायच्या आदल्या दिवशी गॅलरीत सायकलवर बसून, पाठीवर सामानाची सॅक घेऊन, ती व्यवस्थित भरली होती. स्वतःच्या वजनाची. तो माझ्या दीडपट आहे. मी बसल्यावर त्या हवेला मी बसल्याचं कळलंच नव्हतं आणि प्रत्येक दगड फळीवर आपटावा तसा सरळ माझ्या हाडात आला होता. सायकल माझ्यासाठी, कंबर माझी, परीक्षा माझी आणि बसून पाहिलं त्यानं.

"तुला एकदाही वाटलं नाही, हिला बसवून बघावं?" मी विचारलं.

"नाही वाटलं," तो म्हणाला. त्यानं सबब सांगितली नाही म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं. बोलण्यासारखं बरंच होतं.

हवा कमी करायला हवी होती. पण या शॉकअपचा पंप वेगळा असतो, छोटा आणि जोरकस. हवा भरून झाली, आता त्याचं काय काम, म्हणून अरुणनं तो घरीच ठेवला होता. काळूरामदादांनी आपल्या सायकलचा पंप आणून दिला, पण त्यानं एवढ्या दाबाची हवा भरत नाही. म्हणजे हवा काढता येणार होती, भरता येणार नव्हती. जास्त गेली की संपलं. मागचं चाक फतकल मारून बसेल आणि सायकल टोकावड्यापर्यंत ढकलत न्यावी लागेल. शिवाय किती काढायची हे मी बसल्याशिवाय कळणार नव्हतं आणि मला अजून उठवत नव्हतं.

काळूरामदादांनी माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. "बुधीला बसवा की. ती ताईच्याच अंगाची हाय."

बुधी आयुष्यात कधी सायकलवर बसली नव्हती. पण तिचं लुगडं गुडघ्यावर खोचलेलंच होतं. एका बाजूनं भाऊ, दुसऱ्या बाजूनं माझा नवरा, अशी ती सीटवर चढली आणि अंगणाच्या कुडापाशी सगळा पाडा गोळा झाला. अरुणनं करवंदीचा काटा घेऊन हवेच्या तोंडावर टेकवला. फुस्स. बुधी उतरली, अरुणनं रिंग बघून मागे सरकवली, बुधी परत चढली. फुस्स. असं किती वेळा झालं कोण जाणे. कुणीतरी म्हणालं, "बुधे, कल्यानला निघालीस काय?" ती वरून म्हणाली, "चूप रे. काम चाललाय."

अरुणच्या कपाळावर घाम होता. शेवटी रिंग हवी तिथून केसभर अलीकडे थांबली. त्यानं परत काटा टेकवला. मग काय वाटलं कोण जाणे, काढून घेतला. "ही बुधीबाईंपेक्षा जरा भारी असेल," तो म्हणाला.

"जराच?" बुधी म्हणाली.

नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पोटात गेल्यावर, उन्हं कलायला लागली तेव्हा मी उठले. खाली वाकून पाहिलं, वळून पाहिलं. ठणका होता, चमक नव्हती. अरुण म्हणाला की मागच्या रस्त्यानं जीप मिळते, घरी जाऊ. वचनाबद्दल तो काही बोलला नाही, पण ते त्याच्या डोक्यात होतं हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "ज्या सायकलवर कंबर धरली ती तुझी होती. माझी मी अजून चालवलेली नाही."

बुधी वाटेपर्यंत आली. "जा," ती म्हणाली. "पडलीस तर परत ये. मी हायच पाय लावाया."

मी बसले. सायकल माझ्याखाली किंचित खाली गेली आणि थांबली. एवढंच झालं. पण कुणी आपल्याला ओळखावं आणि सरकून जागा करून द्यावी, तसं मला वाटलं. पहिला दगड आला. मी कंबर आवळली नाही, मुद्दाम नाही आवळली.  दगड खालून गेला. दुसरा गेला. मग पायऱ्या-पायऱ्यांचे खडक आले, सकाळी मला लोळवणाऱ्या खडकांसारखेच, आणि सायकल गुडघे वाकवून उतरावं तशी एकेक उतरत गेली. वर बसलेल्या मला फक्त वारा लागत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी थांबत नव्हते.

रान संपलं आणि समोर सह्याद्रीची आख्खी भिंत उभी राहिली. पश्चिमेचं ऊन तिच्यावर सरळ पडलं होतं. माळशेजच्या घाटापासून आजोबाच्या डोंगरापर्यंत कडेच कडे, आणि मधोमध हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, आत वळलेला, तांबूस, एवढा प्रचंड की त्याच्यापुढे उडणारी घार आधी दिसलीच नाही, दिसली तेव्हा चिलटाएवढी होती. लाखो वर्षं तो तिथे उभा आहे आणि मी दीड वर्ष एका चकतीसाठी रडत होते. लाज वाटली नाही. उलट खूप बरं वाटलं, की एवढं मोठं काहीतरी आहे आणि मला अजून त्याच्या पायथ्याशी सायकलनं येता येतं. अरुण मागून धापा टाकत आला. स्प्रिंगवालीनं त्याची हाडं खिळखिळी केली नव्हती, पण शेवटच्या चढानं जीव काढला होता. तो माझ्या कमरेकडे बघत होता.

"दुखत नाही," मी म्हटलं. "कडा बघ."

टोकावड्याच्या ढाब्यावर चहा घेतला आणि कल्याणकडे जाणारी एसटी मिळाली. कंडक्टरनं सायकली टपावर बांधू दिल्या, वर "फुकटचं सामान नाय हां हे" म्हणून तिकीटही फाडलं. डॉक्टरांनी एसटीला कधीच मनाई केली नव्हती. गाडी मुरबाडच्या खड्ड्यांतून उधळायला लागली आणि पहिल्या पाच मिनिटांत माझ्या कमरेनं तक्रार सुरू केली. मी उठून उभी राहिले, दांडा धरला आणि गुडघे सैल सोडून धक्के घेत राहिले. बसलेले लोक बघत होते, जागा रिकामी ठेवून ही बाई उभी का.

आमची साध्या सायकलींची जोडीही अरुणनंच निवडली होती. सीट त्यानं लावून दिली, हँडल त्यानं बसवलं, प्रेमानंच केलं सगळं, आणि मी इतकी वर्षं त्याच्या मापावर बसून धक्के खाल्ले. माझी कंबर नाजूक आहे असं आम्ही दोघंही समजत होतो. ती नाजूक नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण तिला विचारलं कुणी नव्हतं, मीही नाही. त्या पाड्यावर एका बाईनं माझ्या जागी बसून माझं वजन सांगितलं, तेव्हा कुठे एक वस्तू माझ्या मापाची झाली.

कल्याणच्या डेपोत टपावरून सायकली खाली आल्या. अरुण दोरी गुंडाळत म्हणाला, "मग, भाच्याला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगते," मी म्हटलं. "हवेवाली ठेवतेय. आणि तो पंप कुठे ठेवलायस तो मला दे. यापुढे हवा मी भरणार."